बाबांची बादली म्हणते ८४, माझं मशीन म्हणतं ४८. नक्की पाऊस किती पडला?

येळ्ळूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी बेंगलोरच्या एका कंपनीत बॅकएंडला आहे, पण काम बहुतेक घरूनच, म्हणजे येळ्ळूरमधूनच चालतं. बेळगावहून थेट वंदे भारत सुरू झाल्यापासून महिन्यातून एकदा जाऊन तोंड दाखवून येतो. बाकीची पोरं रविवारी राजहंसगडावर सायकली मारतात आणि मी गच्चीवर पाऊस मोजतो, आता हसायचं तर हसा.

मशीन साधंच आहे. वर नरसाळं, आत सीसॉसारखी दोन खणांची छोटी वाटी. एक खण भरला की वाटी कलंडते, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो आणि कलंडताना लोहचुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) जातो. ईएसपी३२ नावाचा छोटा वायफायवाला बोर्ड ती टिचकी मोजतो. एका टिचकीला ०.२७९४ मिमी. हा असला विचित्र आकडा कुठून आला म्हणून शोधलं तर तो इंचाचा ०.०११ निघाला, म्हणजे मशीन पण आमच्या बाबांसारखं इंचातच विचार करतं.

आता मूळ दुखणं. आमचं दोन एकर भात बळ्ळारी नाल्याच्या अंगाला आहे. तरणा पाऊस लागला तसा एक दिवस जोरात ओतला, संध्याकाळी बाबांनी विचारलं मोटर उचलून आणूया का. मी मोबाईल बघितला, ४८ मिमी, ग्राफ पण झोपलेला, आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं की राहू दे, एवढ्याने नाल्याला काय होत नाही. सकाळी शिवार म्हणजे तळं झालेलं. मोटर पाण्यात, रिवाइंडिंगचा खर्च बोकांडी, आणि वर बाबांनी काय केलं तर अंगणात ठेवलेली रंगाची बादली आणली, शाळेतली फूटपट्टी आत घातली आणि दाखवली, ८४. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर प्रश्न असा की ४८ आणि ८४ मध्ये एवढा फरक येतोच कसा? मला वाटतं डिबाउन्स, म्हणजे एका टिचकीनंतर मोजणं बंद ठेवायचा वेळ, जास्त लागलाय, ५०० मिलिसेकंद ठेवलाय. तो कमी करू का? की हे मशीनच भंगारात टाकू?

उद्यमबाग_टर्नर

भावा डिबाउन्सला हात लावू नको, त्याची काय चूक नाही, हिशोब करून बघ की. तासाला १०० मिमी म्हणजे ढगफुटीच म्हण, तेवढा पाऊस धरला तरी तुझ्या मशीनच्या टिचक्या होतात तासाला साधारण ३५८, म्हणजे दहा सेकंदाला एक. दहा सेकंदात अर्धा सेकंद कान बंद ठेवलेस म्हणून काय बिघडतं? उलट कमी केलास तर रीड स्विच थरथरतो आणि एकाची दोन मोजेल, मग बादलीच्या पण पुढे जाशील.

खरं नुकसान होतं ते वाटी कलंडताना. कलंडायला तिला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात वरून आलेलं पाणी भरलेल्याच खणात पडून वाया जातं. बारीक पावसात काही वाटत नाही, जोराच्या पावसात दर टिचकीला थोडं थोडं जातं. पण भावा त्याने पाचदहा टक्के जाईल, निम्मं नाही जाणार.

म्हणून मला सांग, त्या दिवशी लाईट गेलेली का? आणि अडॅप्टर कुठल्या सॉकेटला आहे, इन्व्हर्टरच्या की साध्या?

टेस्ट पण करून टाक. पाण्याच्या बाटलीच्या बुचाला दाभणाने बारीक भोक पाड, अर्धा लिटर पाणी भर, नरसाळ्यावर उलटी धर आणि थेंब थेंब जाऊ दे. नरसाळ्याच्या तोंडाचं माप घे, त्यावरून किती टिचक्या यायला पाहिजेत ते निघेल. आणि मशीन लेव्हलमध्ये आहे का बघ, स्पिरिट लेव्हल लावून, डोळ्याने नको. एका अंगाला कललं असेल तर एक खण लवकर भरतो आणि दुसरा उशिरा.

अथणीकर

८४ मिमी एका दिवसात? आमच्याकडे एवढा पडला तर लोक पेढे वाटतील 😄

निवृत्त_मास्तर

चिरंजीव, मशीनची उलटतपासणी चालू आहे ते ठीक, पण बादलीला कोणीच प्रश्न विचारला नाही. मी नोकरीत असताना बरीच वर्षं रोज सकाळी पर्जन्यमापकाचं पाणी मोजलेलं आहे म्हणून विचारतो. रंगाची बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते ना?

पाऊस गोळा होतो तो तोंडाच्या रुंदीने आणि साठतो बुडाच्या अरुंद जागेत, त्यामुळे पाणी खरं असतं त्यापेक्षा उंच दिसतं. फूटपट्टी चालते ती सरळ भिंतीच्या डब्याला. तुमच्याकडे बादली आहे तर पाण्याची उंची मोजू नका, पाणी मोजा. लिटरचं माप घ्या, किती मिलिलिटर निघालं ते बघा आणि त्याला बादलीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. सोपं लक्षात ठेवायचं तर एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिमी पाऊस.

दुसरं, मशीन गच्चीवर कुठे आहे? कठड्याला लागून असेल तर वारा वर उसळतो आणि थेंब नरसाळ्यावरून पलीकडे जातात. आमच्या सरकारी पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून अवघं ३० सेंटिमीटर उंच असायचं आणि आजूबाजूचं झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं. आता गावात घराला घर लागलेलं असताना एवढी मोकळी जागा कुठून आणणार ते मला माहीत आहे, पण निदान कठड्यापासून तरी लांब घ्या.

आणि तारीख. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. रात्री बाराला तुमचं मशीन शून्य करत असाल तर पेपरातल्या आकड्याशी जन्मात मेळ बसणार नाही, मग लोक पेपरवाल्यांना शिव्या देत बसतात.

बादलीच्या तोंडाचा आणि बुडाचा व्यास कळवा, मी गणित करून देतो. वेळच वेळ आहे.

येळ्ळूरचा_पोरगा

सर, उद्यमबाग दादा, दोघांनाही साष्टांग. एक एक सांगतो.

लाईट. होय, गेलेली. ३ वाजून १२ मिनिटांनी गेली आणि ४ वाजून ५ ला आली, लॉगमध्ये तेवढ्या वेळाचं काहीच नाही. गच्चीवरचं सॉकेट इन्व्हर्टरवर नाहीच आहे, वायरमनने तेव्हाच विचारलेलं आणि मीच म्हटलेलं की गच्चीवर कशाला पाहिजे. आणि पाऊस नेमका त्याच पाऊण तासात सगळ्यात जोराचा होता, कारण लाईट जाते ती काय कोरड्या हवेत जात नाही. ग्राफ झोपलेला दिसला तो पाऊस थांबला म्हणून नव्हे, मशीन मेलेलं म्हणून. माझ्याच कोडने मधल्या रिकाम्या जागेत शून्य भरून टाकलेलं.

हे बघून मला स्वतःचीच लाज वाटली. रोज ऑफिसात मी ज्युनियर पोरांना हेच सांगत असतो, शून्य आलं आणि काहीच आलं नाही यात फरक करा, सर्व्हर जिवंत आहे का त्याचा वेगळा अलर्ट लावा. रात्री दोनला ऑनकॉल उचलून दुसऱ्याच्या सिस्टीमवर हेच शोधतो. आणि घरच्या गच्चीवर स्वतः तेच करून ठेवलेलं, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून बापाला सल्ला दिला.

बादली. तोंड २८ सेंटिमीटर, बूड २४, उंची ३०. त्या दिवशीचं पाणी तर बाबांनी परसातल्या अळवाला घातलेलं, म्हणून परत ८४ पर्यंत नळाचं पाणी भरलं आणि आईच्या दुधाच्या लिटरच्या मापाने मोजलं. चार लिटरला थोडं कमी, ३ लिटर ९८०. भागाकार केल्यावर ६४.६ मिमी. आई दारातून बघत होती, म्हणाली "शेतात पाणी शिरलंय आणि हे दोघं बापलेक बादलीतलं मोजूलालेत."

बाटलीची टेस्ट पण केली. नरसाळ्याचं तोंड साधारण ११ बाय ५, म्हणजे अर्धा लिटरला ३२५ टिचक्या यायला पाहिजेत. हळू सोडलं तर ३२१ आल्या, भोक मोठं करून सोडलं तर ३०२. दादा म्हणाले तसंच, जोरात आलं की खातंय.

म्हणजे ६४.६ खरे, त्यातले तीनचार मिमी वाटीने खाल्ले आणि बाकीचे लाईटने. बाबांना सगळं कागदावर लिहून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे माझी बादली खोटी आणि तुझं मशीन पण खोटं, आणि मोटर तेवढी खरीच भिजली."

निवृत्त_मास्तर

तुमचे वडील हुशार आहेत.

६४.६ आला ते वाचून गंमत वाटली. हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ पासून ११५.५ मिमीपर्यंतचा पाऊस म्हणजे जोरदार. तुमच्या मशीनच्या हिशोबाने तो दिवस नुसता मध्यम होता, खरा हिशोब केला तर उंबरठा जेमतेम ओलांडलेला. अशा उंबरठ्यावरच आकडा चुकला की सगळं चुकतं.

जांबोटी_रोडची

मी पण आयटीतलीच, पुण्याच्या टीमसोबत टेस्टिंगला, घर खानापूर तालुक्यात. दादा तुमचा ६४ वाचून मला आमच्या आजीची आठवण झाली, ती म्हणायची बेळगावचे लोक शिंतोड्याला पाऊस म्हणतात. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे निघालात की दर चारपाच किलोमीटरला पाऊस बदलतो, खाली रस्ता कोरडा आणि वर घाटमाथ्यावर समोरची गाडी दिसत नाही. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीलाच, आणि कळसा-भांडुराची, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेची, बातमी आली की सगळा कर्नाटक आणि गोवा आमच्या गावांची नावं घेतो, एरवी मोबाईलला रेंज आहे का हे पण कोणी विचारत नाही. ते असो.

लाईटचं ऐका माझ्याकडून, आम्ही त्यात मुरलेलो. इन्व्हर्टरला लावलं तरी लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू व्हायच्या त्या क्षणात कधी कधी बोर्ड रीस्टार्ट होतो आणि मेमरीतला काउंट जातो. म्हणून बोर्डाला स्वतःचा एक १८६५० सेल द्या, मोबाईल पॉवरबँकमध्ये असतो तो. आणि काउंट फ्लॅशमध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहून ठेवा, पण दर टिचकीला नको, फ्लॅशला लिहायची मर्यादा असते, दहा मिनिटांनी एकदा लिहिलं तर पुष्कळ झालं. नेट नसेल तर डेटा बोर्डावरच साठवा आणि नेट आल्यावर पाठवा. माझ्याकडे फायबर आहे, घरात राउटर यूपीएसवर चालू असतो पण तरी नेट जातं, कारण वाटेत ज्याच्या घरी केबलवाल्याने स्विचचा डबा बसवलाय त्याच्या घरची लाईट गेलेली असते.  राउटरवर लाल दिवा लागला की समजायचं, एक तर त्या डब्याची लाईट गेली नाहीतर झाड पडून वायर तुटली.

अजून एक म्हणजे मुंग्या. दर पंधरा दिवसांनी मशीन उघडून बघा. माझ्या मैत्रिणीचं मशीन आठवडाभर एकच आकडा दाखवत होतं, उघडलं तर वाटीच्या खाली मुंग्यांनी माती आणून घर केलेलं, वाटी हलायलाच जागा नाही.

आणि पंचायतीपाशी सरकारी पर्जन्यमापक असतो ना, सौर पॅनेलवाला, राज्याच्या आपत्ती केंद्राचा? त्याच्या आकड्याशी पण ताडून बघा. सगळं कन्नडात असतं. मी आधी घाबरून जायचे, आता वाचते. पहिला शब्द शिकले तो "मळे". कन्नडात मळे म्हणजे पाऊस. मी बाबांना सांगितलं की इथे लिहिलंय आज मळे ९० मिमी, तर ते म्हणाले मळे मिलिमीटरमध्ये कधीपासून मोजायला लागले, एकरात मोजतात.

येळ्ळूरचा_पोरगा

😂 आमच्याकडे तर बळ्ळारी नाल्याला पाणी आलं की दोन्ही मळे एकच होतात.

अथणीकर

मगाशी गंमत केली, आता जरा खरं बोलतो, रागावू नका. तुम्ही लोक पाऊस मोजताय ते चांगलंच, पण पूर पावसावर येतो हे आमच्याकडे कोणी मानत नाही. अथणी, रायबाग, चिकोडीकडे आभाळ निरभ्र असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात आणि कृष्णा वाढत असते. पाणी पडतं ते सह्याद्रीत. आम्ही बघतो ते कोयनेचा विसर्ग किती, राजापूर बंधाऱ्यावरून किती येतंय आणि दूधगंगा वेदगंगा काय म्हणतात. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की जनावरं वर काढायची, हे आमचं ॲप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मामाच्या घरी पत्र्यापर्यंत पाणी होतं आणि आमच्या गावात त्या आठवड्यात धड पाऊस पण नव्हता.

आणि आता खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचं चाललंय. सांगली कोल्हापूरवाले म्हणतात आमच्याकडे फुगवटा येईल, इकडचे म्हणतात आमच्या हक्काचं पाणी आहे, आणि आम्ही मधले, ज्यांचं कार्ड कर्नाटकचं आणि पै पाहुणे सगळे मिरज जतचे, आम्ही कोणाच्या बाजूने बोलायचं ते लग्नात कोणाच्या पंगतीला बसलोय त्यावर ठरतं.

सांगायचा मुद्दा असा की भावा तुझं शिवार तुझ्या गच्चीवरच्या पावसाने बुडलं नाही. बळ्ळारी नाल्यात शहराच्या अर्ध्या भागाचं पाणी येतं ना? तर तिकडचं बघ.

उद्यमबाग_टर्नर

हे एकदम बरोबर. आमच्या शॉपमागच्या गटारातलं पाणी पण शेवटी त्या नाल्यालाच जातं. अनगोळ, वडगाव, शहापूर, सगळं तिकडेच. आणि नाला साफ कुठं आहे, गाळ आणि जलपर्णी एवढी की पाणी पुढे सरकतच नाही, बाजूच्या शिवारात पसरतं. गेल्या वर्षी २५ मिमीला काय झालं नसेल आणि या वर्षी २५ लाच चढेल, कारण जलपर्णी वाढली. मग पाऊस मोजून अंदाज काय बांधणार?

पुलाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लाव, वॉटरप्रूफ मिळतो, पाण्याच्या पातळीचं अंतरच मोज सरळ. डबा मी पत्र्याचा करून देतो, पैसे नको, भात झालं की बासमतीचं एक शेर आणून दे. फक्त चोरीचं बघ, सोलर पॅनेल दिसलं की लोकांना पॅनेल दिसत नाही, पाचशे रुपये दिसतात.

येळ्ळूरचा_पोरगा

सेन्सरचं बाबांना विचारलं तर ते मला घेऊन पुलावरच गेले. जाताना गुडघाभर चिखल, आणि माझी दुपारची मीटिंग मी बांधावर उभं राहून म्यूटवर ऐकली, कॅमेरा बंद. पुलाच्या दगडी खांबावर त्यांनी बोट दाखवलं. खालून तिसरा थर बुडाला की आपल्या वाफ्यात पाणी येतं, चौथा बुडाला की शेजारच्यांच्या पण. हे त्यांना त्यांच्या बापाने दाखवलेलं. मी विचारलं मग त्या दिवशी तुम्ही पुलावर का नाही आलात. म्हणाले, "तू म्हणालास काय होत नाही, म्हणून."

यावर मी काय बोलणार.

तर सध्या असं केलंय. खांबावर तिसऱ्या थराला ऑइल पेंटचा पांढरा पट्टा मारला. बोर्डाला सेल लावला, मशीन कठड्यापासून लांब गच्चीच्या मधोमध घेतलं, दहा मिनिटं काही आलं नाही तर ग्राफमध्ये शून्य नाही, लाल पट्टी दिसते आणि माझ्या फोनला ऑफिसवाला तोच भयंकर अलार्म वाजतो. दिवस सकाळी साडेआठला संपतो. दादांचा डबा दिवाळीनंतर बसवूया, पाणी उतरल्यावर, शेरभर बासमती पक्कं. अर्धा एकर परत लावायला लागला, रोप मावशीच्या शेतातलं मिळालं म्हणून निभावलं.

आणि बाबांनी बादली सोडलेली नाही. फूटपट्टी सोडली. रोज सकाळी साडेआठला आईचं दुधाचं माप घेऊन बसतात, आईने शेवटी नवीन माप आणलं. मिलिलिटरला ६१.६ ने भागायचं ते मी भिंतीवर खडूने लिहून दिलंय, पण ते माझ्या मुलीकडून कॅल्क्युलेटरवर करून घेतात आणि कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या खाली लिहितात, वर नक्षत्राचं वाहन छापलेलं असतं, खाली बाबांचा मिमी.

आज त्यांचे ३७ आले. माझ्या मशीनच्या १३० टिचक्या, म्हणजे ३६.३. मी खूश होऊन दाखवायला गेलो. चष्मा वर करून दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाले, "अजून थोडं खातंय बघ."

निवृत्त_मास्तर

खाणारच. त्यांना सांगा, ओतताना बादलीच्या तळाशी चमचाभर पाणी उरतं, तेही धरा.